भाडेकरू-घरमालक कायदा (सोलापूर)

सोलापुरात घर, दुकान, गोडाऊन भाड्याने दिलं-घेतलं की तो व्यवहार महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 खाली येतो, जो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याआधी इथे मुंबई प्रांताचा 1947 चा भाडे कायदा चालायचा आणि पलीकडे तुळजापूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) बाजूला हैदराबादचा 1954 चा, म्हणजे तासाभराच्या अंतरावर कायदाच वेगळा. विदर्भाचाही तिसराच होता. 1999 च्या कायद्याने हे तिन्ही मोडीत काढून राज्यभर एकच केला. केंद्राचा 2021 चा आदर्श भाडे कायदा लोक व्हॉट्सअपवर फिरवतात, पण तो नुसता नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय त्यातलं 'दोनच महिन्याचं डिपॉझिट' वगैरे कुणावर बंधनकारक नाही.

गावात भाडेकरू दोन प्रकारचे. एक पेठांमधला जुना, मंगळवार पेठ, साखर पेठ, चाटी गल्ली, नवी पेठ अशा भागात आजोबांच्या काळापासून खोलीत नाहीतर दुकानात बसलेला, भाडं शे-दोनशेच्या घरात, आणि दुसरा जुळे सोलापूर, होटगी रोड बाजूचा फ्लॅटवाला, 11 महिन्याचं लिव्ह अँड लायसन्स (ठराविक मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी देणारा करार) करून आलेला. दोघांना लागतो एकच कायदा पण दोघांचे हक्क जमीन-अस्मानाइतके वेगळे, आणि हा फरक पडतो तो कागदामुळे.

जुन्या भाडेकरूचं भाडं इतकं कमी का याला इतिहास आहे. 1947 च्या कायद्यात प्रमाण भाडं, म्हणजे कायद्याने ठरवलेली भाड्याची कमाल मर्यादा, 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्यावर गोठवलेलं होतं, महागाई कुठल्या कुठे गेली तरी भाडं तिथेच. 1997 साली सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की ही गोठवणूक आता वाजवी राहिलेली नाही. नवीन कायद्याने मग 1 ऑक्टोबर 1987 चं भाडं आणि त्यावर 5 टक्के असा पाया धरला आणि वर्षाला 4 टक्के वाढ करायची मुभा दिली. मालक म्हणणार हे काय पुरतंय, आणि खरंय, मुळात 60 रुपये भाडं असेल तर 4 टक्के म्हणजे चहाचे पण पैसे होत नाहीत. पण मालकाने ही वाढसुद्धा कित्येक वर्षं मागितलेलीच नसते, हेही तितकंच खरं.

जुन्या भाडेकरूला काढायचं तर कोर्टातूनच, आणि कायद्यात दिलेल्या कारणांवरच. भाडं थकलं तर आधी लेखी नोटीस, मग 90 दिवस थांबायचं, त्यानंतर दावा. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही भाडेकरूने 90 दिवसात सगळी थकबाकी, वर 15 टक्के सरळ व्याज आणि कोर्टखर्च भरला की त्या कारणावर त्याला काढता येत नाही. बाकी कारणं म्हणजे परवानगी न घेता पक्कं बांधकाम, परस्पर पोटभाडेकरू ठेवणं, शेजाऱ्यांना त्रास, किंवा मालकाला स्वतःला जागेची खरोखर गरज असणं, पण या शेवटच्यात कोर्ट दोघांच्या अडचणी तोलून बघतं. दुकानांच्या बाबतीत एक कारण लोकांना माहीतच नसतं: योग्य कारण नसताना जागा दाव्याच्या आधी सलग 6 महिने वापराविना पडून असेल तर तेवढ्यावर ताबा मागता येतो. शटरला कुलूप लावून मुलाकडे पुण्याला जाऊन बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. दावा चालतो दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्यापुढे, अपील जिल्हा न्यायालयात. या दरम्यान नळ तोडणं, लाईट कापणं असले उद्योग मालकाने केले तर ते बेकायदा आहेत, भाडं थकलेलं असलं तरी.

'बारा वर्षं राहिला की घर त्याचं' ही समजूत मात्र सोलापुरात घट्ट बसलीय आणि ती चूक आहे. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो, त्यामुळे नुसत्या वर्षांवर तो मालक होत नाही. खरी अडचण वेगळीच, तो मालक नाही झाला तरी संरक्षित भाडेकरू होऊन बसतो आणि त्याच्या पश्चात त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्यांकडे तो हक्क जातो.

आता कागदाचं. पाचशेच्या स्टॅम्पवर 11 महिन्याचा मजकूर टाईप करून नोटरीचा शिक्का मारला की झालं असं मानणारे मालक कोर्टाच्या आवारात हव्या तेवढ्या संख्येने भेटतील. एक वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी नको हा नियम नोंदणी कायद्यातला, पण महाराष्ट्रात भाडे कायद्याचं कलम 55 त्याच्या पुढे जातं आणि करार 11 महिन्याचा असो की 3 वर्षाचा, लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे म्हणतं. नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. नाही केली तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण त्याहून महागात पडतं ते हे की वाद झाल्यावर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या धरल्या जातात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे कागद टाळून पैसे वाचवणारा मालकच अडकतो. आणि वाचतात तरी किती, लिव्ह अँड लायसन्सला स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्यावर (आणि डिपॉझिटवर मिळेल असं धरलेल्या व्याजावर) पाव टक्का, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये, तेही घरबसल्या ऑनलाइन होतं.

नोंदलेला करार हातात असेल तर मुदत संपल्यावर राहणारा हलत नसेल तरी दिवाणी दाव्याची वाट बघत बसावं लागत नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करता येतो, आणि तो राहील तितके दिवस दुप्पट भाडं नुकसानभरपाई म्हणून लागतं. पण ही सोय फक्त राहण्याच्या जागेला आहे. नवी पेठेतलं दुकान लायसन्सवर दिलं म्हणून हा जवळचा रस्ता मिळेल असं समजू नये.

भाडेकरूच्या बाजूने बघितलं तर भाडेपावती हीच सगळ्यात मोठी वस्तू. मालकाने लेखी पावती देणं बंधनकारक आहे. देत नसेल, किंवा भाडंच घ्यायला नकार देत असेल (काढायचं ठरवलं की असं होतं, थकबाकी दाखवायला), तर पैसे बँकेतून पाठवावेत म्हणजे पुरावा राहतो. दुरुस्ती मालकाने करायची असते, नोटीस देऊनही केली नाही तर भाडेकरूला ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंतच, आणि 60 रुपयांच्या खोलीला त्यात पत्रासुद्धा येत नाही.

पागडी, म्हणजे जागा देताना भाड्याशिवाय वरून घेतलेली एकरकमी रक्कम, पूर्वी गुन्हा होता, नवीन कायद्याने ती उघडपणे घ्यायला-द्यायला परवानगी दिली. तरी रोखीतच चालते.

पावसाळ्याआधी महापालिका जुन्या वाड्यांना धोकादायक म्हणून नोटिसा काढते तेव्हा भाडेकरूंची मोठी भीती ही की वाडा पडला की हक्क संपला. तसं नाही. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या इमारतीच्या प्रकरणात 2014 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बांधकाम गेलं तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण भाड्याने दिलेल्यात खालची जमीनही येते. फक्त आपल्याकडे किती जागा होती हे दाखवायची वेळ येते, म्हणून पाडकामाच्या आधी खोल्यांचं माप आणि फोटो, लाईटबिल, पावत्या जमवून ठेवाव्यात.