कोलंबियातील एका संशोधन गटाचे माजी सदस्य आणि द्विमितीय पदार्थांची वीस वर्षे

२०१३च्या मे महिन्यात तीन संशोधन गटांनी जवळजवळ एकाच वेळी एक निष्कर्ष जाहीर केला. डग्लस हॉफस्टॅटर यांनी १९७६ साली गणिताने मांडलेली, इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांची फुलपाखरासारखी दिसणारी रचना ग्राफीनमधल्या, म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बनच्या थरावरच्या, प्रयोगांत आढळली होती. साध्या स्फटिकात ती पाहायची तर दहा हजार टेस्लांहून प्रबळ चुंबकीय क्षेत्र लागले असते, आणि तेवढे क्षेत्र कोणत्याही प्रयोगशाळेत निर्माण करून टिकवता येत नाही. म्हणून जवळजवळ चार दशके ती आकृती सैद्धांतिकच राहिली होती. तीन गटांपैकी एक मँचेस्टर विद्यापीठातला, दुसरा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला आणि तिसरा एमआयटीतला होता.

हे तिन्ही निबंध एकमेकांपासून स्वतंत्र होते. तरीही दुसऱ्या आणि तिसऱ्या निबंधांच्या लेखकांची पूर्वपीठिका तपासली की एक गोष्ट लक्षात येते. कोलंबियाच्या निबंधाचे पहिले लेखक कोरी डीन यांनी कोलंबियातले प्राध्यापक फिलिप किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे संशोधक, म्हणून काम केले होते. एमआयटीतल्या गटाचे एक प्रमुख पाब्लो हारियो-एरेरो हेदेखील त्यापूर्वी कोलंबियात किम यांच्यासोबत पोस्टडॉक होते, आणि त्याच निबंधात महत्त्वाचा वाटा असलेले अँड्रिया यंग यांनी पीएचडी किम यांच्याच मार्गदर्शनाखाली पूर्ण केली होती. संशोधन गटांच्या संकेतस्थळांवर ‘माजी सदस्य’ अशी एक यादी बहुधा सर्वांत शेवटी असते आणि ती फारसे कोणी वाचत नाही. या विषयाचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर माझ्या मते सुरुवात त्या यादीपासूनच केली पाहिजे.

फिलिप किम यांचा जन्म १९६७ साली सोल येथे झाला. सोल राष्ट्रीय विद्यापीठातले शिक्षण संपवून ते हार्वर्डला गेले आणि चार्ल्स लीबर यांच्या मार्गदर्शनाखाली १९९९ साली त्यांनी पीएचडी मिळवली. त्यानंतर बर्कली येथे पॉल मॅक्युएन यांच्या गटात असताना त्यांनी एकेका कार्बन नॅनोनळीची उष्णतावाहकता मोजली. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी एकच नळी उचलायची, तिला विजेची जोडणी करायची आणि तिच्यातून वाहणारी उष्णता मोजायची, अशा कामाचे कसब ते २००२ साली सहायक प्राध्यापक म्हणून कोलंबियाला रुजू झाले तेव्हा त्यांच्याकडे होते. नॅनोनळी म्हणजे गुंडाळलेला ग्राफाइटचा एक थर. तो थर सपाट अवस्थेत मिळाला तर काय दिसेल, हा प्रश्न त्या कामातूनच पुढे येत होता.

या प्रश्नावर युआनबो झांग हे पीएचडीचे विद्यार्थी काम करू लागले. ग्राफाइटचा अतिसूक्ष्म तुकडा अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या पात्याला चिकटवून तो सिलिकॉनच्या चिपवर घासायचा आणि मागे राहणाऱ्या पापुद्र्यांवर मोजमापे करायची, अशी त्यांची पद्धत होती. तिला ‘नॅनोपेन्सिल’ हे नाव मिळाले. या पद्धतीने त्यांना सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे, म्हणजे साधारण ३० अणुथरांचे पापुद्रे मिळाले, एकच थर मात्र मिळाला नाही. दरम्यान ऑक्टोबर २००४मध्ये मँचेस्टरच्या आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइट सोलून एकेका अणूच्या जाडीचा थर वेगळा केल्याचा निबंध प्रसिद्ध केला. कोलंबियाच्या गटाने पेन्सिलीचा हट्ट धरला नाही. त्यांनी चिकटपट्टी स्वीकारली आणि अतिशीत तापमानात व प्रबळ चुंबकीय क्षेत्रात मोजमापे करण्यावर सगळे बळ लावले.

होर्स्ट स्टॉर्मर यांची उपस्थिती येथे मोलाची ठरली. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात द्विमितीय इलेक्ट्रॉनांचा विद्युतरोध ठरावीक पायऱ्यांनी बदलतो, त्याला क्वांटम हॉल परिणाम म्हणतात. त्याच्या अंशात्मक प्रकारासाठी १९९८चे नोबेल मिळवणारे स्टॉर्मर बेल प्रयोगशाळेतून कोलंबियाला आले होते. द्विमितीय इलेक्ट्रॉनांची मोजमापे कशी करायची आणि त्यांतल्या कोणत्या चढ-उताराकडे लक्ष द्यायचे, याचा दशकांचा अनुभव त्यांच्यापाशी होता. १० नोव्हेंबर २००५च्या ‘नेचर’च्या अंकात मँचेस्टर आणि कोलंबिया या दोन्ही गटांचे निबंध एकापाठोपाठ छापले गेले. ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन वस्तुमान नसलेल्या कणांप्रमाणे वागतात आणि म्हणून त्यातल्या क्वांटम हॉल परिणामाच्या पायऱ्या नेहमीच्या जागेपासून अर्ध्याने सरकलेल्या असतात, हे दोघांनी स्वतंत्रपणे दाखवले. कोलंबियाच्या निबंधावर झांग, यान-वेन टान, स्टॉर्मर आणि किम अशी चार नावे आहेत. पुढे २००७ साली दोन्ही गटांनी एकत्र येऊन हाच परिणाम सामान्य तापमानालाही टिकतो, हे सिद्ध केले. २०१०चे नोबेल गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांना मिळाले. ते किम यांच्यासोबत वाटून घ्यायला आपल्याला आनंदच झाला असता, असे गाइम यांनी जाहीरपणे सांगितले आहे. किम यांनाही ते मिळायला हवे होते का, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. किम यांच्या गटाचा प्रभाव पुरस्काराच्या पलीकडे कसा पसरला, हा या टिपणाचा विषय आहे.

ग्राफीनच्या प्रयोगात सिद्धांत निबंध वाचून कळतो, पण नमुना बनवणे वाचून येत नाही. पापुद्रा एकच थर जाडीचा आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या रंगाच्या फिकट छटेवरून ओळखायचे असते. पॉलिमरच्या ठशावर तो उचलताना तापमान किती ठेवायचे, ठसा किती सावकाश टेकवायचा आणि सुरकुती पडण्याआधी कुठे थांबायचे, हे कोणाच्या तरी शेजारी महिनोन्महिने बसल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. निबंधाच्या ‘पद्धती’ या विभागात या सगळ्याला फार तर एक परिच्छेद मिळतो. त्यामुळे या क्षेत्रात तंत्राचा प्रसार निबंधांपेक्षा माणसांच्या स्थलांतराने अधिक झाला, आणि कोलंबियातून बाहेर पडलेली माणसे त्या प्रसाराची मुख्य वाहक ठरली.

सर्वांत व्यवहारोपयोगी फांदी कोरियात रुजली. किम यांच्याकडे पोस्टडॉक असलेले ब्युंग ही हाँग मायदेशी सुंगक्युंकवान विद्यापीठात परतले. चिकटपट्टीने मिळणारे कण मायक्रोमीटरच्या मापाचे असतात, त्यांतून पडदे किंवा विद्युतअग्रे बनत नाहीत, ही अडचण त्यांनी हाती घेतली. २००९ साली त्यांच्या गटाने निकेलच्या पातळ थरावर रासायनिक बाष्पनिक्षेपणाने, म्हणजे वायूतला कार्बन तापलेल्या धातूवर बसवून, मोठ्या आकाराचे ग्राफीन वाढवले, आणि २०१०मध्ये तांब्याच्या पत्र्यावर ३० इंच कर्णाचा पारदर्शक पडदा रोलरवरून उतरवून दाखवला. त्या दुसऱ्या निबंधाच्या लेखकांमध्ये बार्बारोस ओझिल्माझ हेही होते. तेदेखील कोलंबियातले माजी पोस्टडॉक. ग्राफीनच्या अरुंद पट्ट्या कापल्या की त्यात ऊर्जादरी (इलेक्ट्रॉनांना वर्ज्य असलेला ऊर्जेचा पट्टा) निर्माण होते, हे त्यांनी मेलिंडा हान, झांग आणि किम यांच्यासह २००७ साली दाखवले होते. पुढे सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात त्यांनी आपला गट उभारला.

स्वतः झांग यांनी वेगळी दिशा घेतली. २००६ साली पीएचडी झाल्यावर ते बर्कलीला गेले. ग्राफीनच्या दोन थरांमध्ये विद्युतक्षेत्राच्या साह्याने कमी-जास्त करता येणारी ऊर्जादरी उघडता येते, हे तिथल्या २००९च्या निबंधात प्रत्यक्ष दिसले. त्यानंतर शांघायच्या फुदान विद्यापीठात त्यांनी ग्राफीन बाजूला ठेवून मुळातच ऊर्जादरी असलेले पदार्थ शोधायला सुरुवात केली. काळ्या फॉस्फरसचा ट्रान्झिस्टर २०१४ साली त्यांच्या गटाने बनवला, तेव्हा ‘द्विमितीय पदार्थ’ या शब्दाची व्याप्ती पुन्हा एकदा वाढली. चिकटपट्टी तीच होती, मोजमापाची शिस्तही कोलंबियात शिकलेलीच होती, प्रश्न मात्र पूर्णपणे त्यांचा स्वतःचा होता.

किरिल बोलोटिन यांनी नमुन्याच्या शुद्धतेचा प्रश्न हाताळला. सिलिकॉन डायऑक्साइडच्या खडबडीत पृष्ठभागावर अडकलेले विद्युतभार ग्राफीनमधल्या इलेक्ट्रॉनांना अडथळा करतात. म्हणून त्यांनी ग्राफीनखालचा ऑक्साइड आम्लाने काढून टाकला, तो थर अधांतरी ठेवला आणि त्यातूनच विद्युतप्रवाह सोडून तो तापवून स्वच्छ केला. इलेक्ट्रॉनांची गतिशीलता त्यामुळे दोन लाख चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंदाच्या वर गेली, आणि २००९मध्ये ग्राफीनमध्ये अंशात्मक क्वांटम हॉल परिणाम दिसला. बोलोटिन पुढे व्हँडरबिल्ट आणि मग बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत गेले. त्यांच्या पूर्वेतिहासात मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक धागा आहे. कोलंबियाला येण्याआधी ते कॉर्नेल विद्यापीठात डॅन राल्फ यांचे विद्यार्थी होते, आणि त्याच राल्फ यांच्याकडे त्याआधी मंदार देशमुख यांनी पीएचडी केली होती. आयआयटी मुंबईचे पदवीधर असलेले देशमुख हार्वर्डमधले पोस्टडॉकचे काम आटोपून २००६ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचा गट उभा केला. २०१५ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. त्यांचे विद्यार्थी विभोर सिंह यांनी कुलाब्यात ग्राफीनच्या कंप पावणाऱ्या पट्ट्यांवर काम केले, नंतर ते नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला गेले आणि आता बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांचा स्वतःचा गट आहे. माजी सदस्यांनी नवे गट उभे करण्याची ही प्रक्रिया आता भारतातही सुरू झाली आहे, याचा मला विशेष आनंद वाटतो.

अधांतरी ठेवलेला थर नाजूक असतो आणि त्यावर आणखी काही रचता येत नाही. यावरचा उपाय २०१० साली कोरी डीन, अँड्रिया यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किम, जेम्स होन व केनेथ शेपर्ड या कोलंबियातल्या तीन प्राध्यापकांच्या संयुक्त प्रकल्पात शोधला. त्यांनी ग्राफीन हेक्झागोनल बोरॉन नायट्राइडच्या स्फटिकावर ठेवले. या पदार्थाची अणुजाळी ग्राफीनसारखीच षट्कोनी, पण दोन टक्क्यांहूनही कमी फरकाने मोठी असते. त्याचा पृष्ठभाग अणुपातळीवर सपाट असतो आणि त्यावर मोकळे बंध नसतात. हे स्फटिक जपानच्या त्सुकुबा येथे ताकाशी तानिगुची आणि केंजी वातानाबे अतिउच्च दाबाखाली वाढवत होते, तेही मुळात अतिनील प्रकाशाच्या संशोधनासाठी. २०१०नंतर त्यांचे स्फटिक जगभरच्या प्रयोगशाळांकडे रवाना होऊ लागले. कुलाब्याच्या गटाच्या मुरडलेल्या (थर एकमेकांशी किंचित कोनात ठेवलेल्या) ग्राफीनवरच्या निबंधांतही या दोघांची नावे आढळतात.

दोन जाळ्यांमधल्या त्या किंचित फरकामुळे त्या एकमेकींवर ठेवल्या की सुमारे १४ नॅनोमीटर अंतराने पुनरावृत्त होणारी मोठी नक्षी तयार होते. मूळ अणुजाळीपेक्षा ही नक्षी कितीतरी मोठी असल्याने हॉफस्टॅटरची आकृती पाहायला प्रयोगशाळेत निर्माण करता येणारे चुंबकीय क्षेत्रही पुरते. २०१३चे तिन्ही शोध एकाच महिन्यात का लागले, याचे उत्तर या तंत्रात आहे. ते तंत्र आधीच कोलंबियाबाहेर पोहोचले होते.

त्यानंतरचा टप्पा सर्वांत गाजला. स्पेनच्या वालेन्सियात जन्मलेले हारियो-एरेरो यांची पीएचडी डेल्फ्टची, आणि ग्राफीनशी त्यांचा परिचयही तिथेच झाला होता. कोलंबियातला काळ त्यांच्यासाठी लहान पण निर्णायक होता, आणि २००८च्या जानेवारीत ते एमआयटीत रुजू झाले. ग्राफीनचे दोन थर एकमेकांवर किंचित कोनात मुरडून ठेवल्यास ठरावीक कोनाला इलेक्ट्रॉनांचा वेग जवळजवळ शून्य होईल, असे रफी बिस्ट्रिट्झर आणि ॲलन मॅक्डोनाल्ड यांनी २०११मध्ये गणिताने सांगितले होते. तो कोन १.१ अंशाच्या आसपासचा. एकच पापुद्रा मधोमध फाडून त्याचा अर्धा भाग दुसऱ्यावर फिरवून ठेवण्याचे तंत्र ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात इमॅन्युएल तुतुक यांच्या गटात विकसित झाले आणि त्यामुळे इतक्या अचूक कोनाचे नमुने शक्य झाले. मार्च २०१८मध्ये हारियो-एरेरो यांचे विद्यार्थी युआन त्साओ आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दोन निबंध प्रसिद्ध केले. अशा नमुन्यात इलेक्ट्रॉनांची संख्या बदलली की तोच पदार्थ एकदा विद्युतरोधक बनतो आणि १.७ केल्व्हिन तापमानाखाली अतिवाहकही, म्हणजे कोणत्याही रोधाशिवाय वीज वाहणारा, होतो. २०२० साली हारियो-एरेरो, बिस्ट्रिट्झर आणि मॅक्डोनाल्ड यांना भौतिकशास्त्राचा वुल्फ पुरस्कार जाहीर झाला.

इतका अनपेक्षित शोध दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा सिद्ध होईपर्यंत पक्का मानला जात नाही. २०१९च्या सुरुवातीला ‘सायन्स’मधल्या निबंधाने ती पुष्टी दिली, शिवाय दाब देऊन अतिवाहकता बदलता येते हेही दाखवले. त्याचे प्रमुख लेखक होते कोलंबियात प्राध्यापक म्हणून परतलेले कोरी डीन आणि सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गट चालवणारे अँड्रिया यंग. निबंधाचे पहिले लेखक मॅथ्यू यँकोविट्झ तेव्हा डीन यांचे पोस्टडॉक होते आणि पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाले. एका माजी सदस्याच्या दाव्याची कसून तपासणी दुसऱ्या दोन माजी सदस्यांनी केली, हे मला या इतिहासातले सर्वांत निरोगी लक्षण वाटते. ओळखीमुळे तपासणी सैल झाली नाही, आणि एकाच प्रकारची तालीम मिळालेली असल्याने नमुन्यात काय चुकू शकते याची दोन्ही बाजूंना पूर्ण जाणीव होती.

अर्थात कोलंबियातून बाहेर पडलेला प्रत्येक जण प्राध्यापक झाला नाही. अशा कोणत्याही गटातले अनेक जण अर्धवाहक उद्योगात जातात, काही जण संशोधन सोडतात, आणि ज्यांनी रात्र-रात्र नमुने बनवले त्यांची नावे लेखकांच्या यादीच्या मध्यावर राहतात. प्रसिद्ध नावांभोवती लिहिलेल्या इतिहासात त्यांना जागा मिळत नाही, आणि हे टिपणही त्याला अपवाद नाही.

किम स्वतः २०१४ साली हार्वर्डला परतले. एमआयटी तिथून जवळच, त्याच केंब्रिज शहरात आहे. २०२१च्या सुरुवातीला मुरडलेल्या तीन थरांच्या ग्राफीनमधल्या अतिवाहकतेवर दोन निबंध काही आठवड्यांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. एक ‘नेचर’मध्ये होता आणि हारियो-एरेरो यांच्या गटाचा होता, दुसरा ‘सायन्स’मध्ये होता, आणि तो किम यांच्या गटाचा होता. दोन्ही निबंधांसाठी बोरॉन नायट्राइडचे स्फटिक त्सुकुबाहून आले होते.