साखरेचा डबा न उघडता

सफरचंदाचा सॉस गॅसवर रटरटत असताना चमचाभर चाखावा, तो आंबट लागावा आणि हात आपोआप साखरेच्या डब्याकडे जावा, हे माझंही कितीदा तरी झालंय. आता मी तो सॉस आधी फ्रिजमध्ये गार करते आणि मगच चव ठरवते. गरम सॉसबद्दल जिभेचं मत फारसं धरू नये.

कारण फ्रुक्टोज. सफरचंदातल्या साखरेत निम्म्याहून जास्त वाटा त्याचा असतो. पाण्यात त्याचे रेणू रूपं बदलत राहतात: कधी सहा अणूंचं कडं, कधी पाच अणूंचं. सहाचं कडं चांगलंच गोड, पाचाचं त्यामानाने फिकं. उष्णतेने पाचाची कडी वाढतात, गार झालं की सहाची. म्हणजे काहीही न घालता तोच सॉस सकाळी जास्त गोड लागतो.

खरी गोडी मात्र फळ निवडतानाच ठरते. कच्च्या सफरचंदात स्टार्च असतो आणि पिकताना त्याची साखर होते. कापलेल्या फोडीवर आयोडीनचं द्रावण लावलं तर कच्चा भाग काळा-निळा पडतो, पिकलेला तसाच राहतो. बागायतदार तोडणीची वेळ ठरवायला हीच चाचणी वापरतात. (ती फोड अर्थातच खायची नाही.)

‘आटवलं की गोड होतं’ हे अर्धंच खरं. एक किलो गरात साधारण 100 ग्रॅम साखर धरू. 300 ग्रॅम पाणी उडालं की साखरेचं प्रमाण 10 टक्क्यांवरून 14 वर जातं, पण सफरचंदाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्लही त्याच हिशेबाने दाटतं. आंबट फळ आटवलं तर ते जास्त आंबटही होणारच. त्यापेक्षा गोड जातीची फळं निम्मी मिसळावीत. मध किंवा फळांच्या रसाचा अर्क घालून ‘बिनसाखरेचा’ म्हणणं मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही त्यांतली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवते. चिमूटभर मीठ मात्र जरूर घालावं. ते कडवटपणा दाबतं, त्यामुळे आहे ती गोडी वर येते.

दाटपणाची काळजी नको. जॅम घट्ट बसतो तो पेक्टिन (फळातला चिकट पदार्थ), आम्ल आणि भरपूर साखर यांच्या जाळीमुळे. सॉसला ती जाळी लागतच नाही. शिजताना पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळतं, फोडी विस्कटतात आणि पेशींचा लगदाच पाणी धरून ठेवतो. सालीसकट शिजवून नंतर गाळलं तर सालीतलं पेक्टिनही उतरतं.

टिकण्याच्या बाबतीत मात्र साखरेची उणीव जाणवते. जॅममधली 60-65 टक्के साखर पाणी बांधून ठेवते, बुरशीच्या हाती लागू देत नाही. इथे तो पहारा नाही. त्यामुळे फ्रिजमध्ये आठवडाभर, त्यापुढचा फ्रीझरमध्ये. आणि बरणी गळ्यापर्यंत भरू नये, गोठताना सॉस फुगतो.