प्रायोगिक त्रुटी: एका संकल्पनेची पार्श्वभूमी

एकच राशी पुन्हा पुन्हा मोजली असता उत्तरे थोडी वेगळी येतात, हे खगोल निरीक्षकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. मात्र त्या फरकाचाही अंदाज बांधता येतो आणि त्यावाचून मूळ मापाची किंमत ठरत नाही, ही जाणीव सावकाश रुजली. टायको ब्राहे यांच्या वेधांच्या अचूकतेवर पूर्ण भरवसा असल्यामुळेच योहानेस केप्लर यांना मंगळाच्या स्थानातील अवघ्या ८ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक त्रुटी म्हणून सोडून देता आला नाही, आणि १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी लंबवर्तुळाकार कक्षा मांडली.

त्रुटी म्हणजे निरीक्षकाचा हलगर्जीपणा, ही समजूत तरीही टिकून राहिली. १७९६ मध्ये ग्रीनिच वेधशाळेतील डेव्हिड किनब्रुक या साहाय्यकाच्या ताऱ्यांच्या वेळांच्या नोंदी वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांच्या नोंदींपेक्षा सुमारे ०.८ सेकंद मागे पडत, म्हणून त्याला कामावरून काढण्यात आले. पुढे फ्रीडरिख बेसेल यांनी तज्ज्ञ खगोलशास्त्रज्ञांच्या नोंदींतही असाच ठरावीक फरक दाखवला. किनब्रुकवर अन्याय झाला होता, असेच त्यावरून म्हणावे लागते.

दरम्यान लजांद्र यांनी १८०५ मध्ये लघुतम वर्गांची पद्धत (मापांतील फरकांच्या वर्गांची बेरीज किमान ठेवणारे मूल्य निवडणे) प्रसिद्ध केली आणि गाउस यांनी १८०९ मध्ये तिला संभाव्यतेचा आधार दिला. यादृच्छिक त्रुटी, म्हणजे कधी जास्त तर कधी कमी अशी पडणारी चूक, त्यामुळे आटोक्यात आली. पद्धतशीर त्रुटी मात्र प्रत्येक मापाला एकाच दिशेने ढकलते, म्हणून कितीही मापांची सरासरी काढली तरी ती उरतेच, आणि माझ्या मते तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने खरा पेच येथेच आहे. प्रयोगात एकटे गृहीतक कधीच तपासले जात नाही, उपकरणांविषयीची गृहीतकेही त्यात गुंतलेली असतात, असे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर दुएम यांनी १९०६ मध्ये मांडले होते.

विद्युतभारित तेलाच्या थेंबांच्या हालचालीवरून इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजणारा रॉबर्ट मिलिकन यांचा तैलबिंदू प्रयोग याचे बोलके उदाहरण आहे. १९१३ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचे मूल्य स्थिरविद्युत एककांत ४.७७४ × १०⁻¹⁰ असे दिले. आजचे मूल्य सुमारे ४.८०३ × १०⁻¹⁰ आहे. ही तफावत मुख्यतः हवेच्या श्यानतेच्या (प्रवाहाला होणाऱ्या अंतर्गत विरोधाच्या) चुकीच्या मूल्यामुळे पडली होती. तेच मूल्य प्रत्येक थेंबाच्या गणितात वापरलेले असल्याने थेंबांच्या परस्पर तुलनेतून दोष दिसणे शक्य नव्हते. क्ष-किरणांची तरंगलांबी रेषांकित जाळीने (अतिशय जवळजवळ समांतर रेषा आखलेल्या पट्टीने) थेट मोजता येऊ लागली आणि त्या अगदी वेगळ्या मार्गाने इलेक्ट्रॉनचा प्रभार जास्त आला, तेव्हा कुठे १९३० च्या दशकात श्यानतेचे मापन नव्याने तपासले गेले.