सकाळच्या फेरीला तुमच्यासोबत येणारी मुलं: आमच्या पाहुण्यांसाठी माहिती

ताडोबाच्या जंगलालगतच्या मोहर्लीत आमच्याकडे मुक्कामाला आलात की सकाळच्या चहाला गळ्यात दुर्बीण आणि हातात वही घेतलेला एखादा मुलगा किंवा मुलगी तुम्हाला भेटेल. मार्चच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत ही मुलं आमच्याकडे पाहुण्यांना रान दाखवण्याचं पगारी काम करतात. कुणी बारावीची परीक्षा देऊन आलेलं असतं, कुणी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असतं. बहुतेक जण याच पट्ट्यातल्या गावांतले, एखाददुसरं नागपूर-पुण्याकडचं. वय 18 पूर्ण झालेलं हवं, ही आमची अट. पाहुणे त्यांच्याबद्दल जे नेहमी विचारतात, ते इथे लिहून ठेवलं आहे.

ही मुलं सफारीच्या जिप्सीत का येत नाहीत?

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात सफारीला वनविभागाकडे नोंद असलेला गाईडच लागतो आणि तो गेटवर मिळतो. त्याची जागा आमची मुलं घेऊ शकत नाहीत आणि घेऊही नये; त्या कामावर इथल्या कितीतरी घरांची चूल पेटते. आमच्या मुलांचं काम गेटच्या बाहेर, म्हणजे आमच्या आवारात, शेताच्या बांधावर आणि गावाच्या बोडीपर्यंत, म्हणजे छोट्या तळ्यापर्यंत. तुमची सफारी नसेल त्या सकाळी ती तुम्हाला फिरवून आणतात. मंगळवारी उद्यान बंद असतं, त्या दिवशी फेरी जरा लांबते.

दोन तासांत दिसतं तरी काय?

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45च्या पुढे जातो आणि सागाचं रान उघडंबोडकं होतं. पाहुण्यांना वाटतं, इथे सगळं वाळून गेलंय. मुलं नेमकी इथूनच सुरुवात करतात. पानं नसल्यामुळे खोडं नीट ओळखता येतात: ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, कुलूचं पांढरंफटक खोड. चांदण्यात हा कुलू लांबून माणूस उभा असल्यासारखा दिसतो. बहाव्याचे पिवळे घोस ऐन उन्हात लोंबत असतात. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, पिकलेली असतात. ती माणसं खातात, पाखरं खातात आणि अस्वलंही खातात. अस्वलाच्या विष्ठेत टेंभराच्या बिया दिसल्या की मुलं तुम्हाला तिथे थांबवतील. कृपया नाक मुरडू नका. टेंभराचं नवं झाड कुठे रुजणार, याची गोष्ट तिथेच सुरू होते.

मेअखेरीस नवरंग पक्षी येतो. दिसतो क्वचित, पण पहाटे त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणून ओरडू लागला की गावातली माणसं आभाळाकडे बघू लागतात. पहिल्या पावसानंतर आलात तर सागाचं कोवळं पान हातावर चुरून बघा, तळवा लालभडक होतो. लहान मुलांना हे दाखवलं की ती घरी जाईपर्यंत हात धुवायला तयार नसतात.

आणि ‘कॉल’, म्हणजे वाघ-बिबट्याची चाहूल लागल्यावर जनावरं देतात ती इशाऱ्याची हाक, ऐकायला शिकवणं हे या मुलांचं सगळ्यात मोलाचं काम. चितळ घाबरट, ते कशालाही ओरडतं. वानर झाडाच्या शेंड्यावर बसलेलं असतं, त्याला लांबचं दिसतं. पण सांबर ओरडलं तर जाणकार माणूस ते मनावर घेतो. ही ओळख करून घेऊन दुसऱ्या दिवशी सफारीला गेलात, तर गाईडने गाडी अचानक का थांबवली ते तुम्हाला न सांगता कळेल.

वाघ दिसेल का?

हा प्रश्न मुलांना विचारू नका, अशी आमची मनापासून विनंती आहे. उन्हाळ्यात पाणी थोड्याच ठिकाणी उरतं, गवत आणि पानोळा कमी असतो आणि वाघही पाणवठ्यात बसून राहतो. म्हणून या दिवसांत तो दिसण्याची शक्यता जास्त असते. शक्यता, हमी नव्हे. वाघ दिसला नाही म्हणून 18 वर्षांच्या पोरीचं तोंड उतरलेलं आम्ही पाहिलं आहे. तो तिच्या हातात नव्हता. तिने दोन तास जे दाखवलं, ते मात्र पूर्णपणे तिच्या मेहनतीचं होतं.

सुरक्षिततेचे नियम

इथे आम्ही तडजोड करत नाही. बफरमधल्या, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या गावांत वाघ-बिबट्याचा वावर रोजचा आहे. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाटे रानात गेलेल्या माणसांवर या जिल्ह्यात हल्ले झाले आहेत, जीव गेले आहेत. म्हणून सकाळची फेरी नीट उजाडल्यावरच निघते आणि संध्याकाळची अंधार पडण्याआधी परत येते. एका फेरीला जास्तीत जास्त सहा पाहुणे, दोन मुलं आणि सोबत गावातला एक अनुभवी माणूस. ‘आता परत फिरायचं’ असं मुलांनी सांगितलं की परत फिरायचं, त्यांचं वय कितीही लहान असो. फोटोसाठी वाकून बसणं, मागे रेंगाळणं, मोबाईलवर पाखरांचे आवाज वाजवून त्यांना बोलावणं चालणार नाही. विणीच्या दिवसांत अशा आवाजाने पाखरू घरटं सोडून उगाच भांडायला धावतं.

पैशांचं काय?

फेरीचे पैसे तुमच्या मुक्कामाच्या बिलात धरलेले आहेत आणि मुलांना महिन्याचा ठरलेला पगार मिळतो, पाहुणे आले नाहीत तरी. सकाळी 10 ते दुपारी 4 त्यांना उन्हात काम दिलं जात नाही. खुशीने काही द्यावंसं वाटलं तर स्वागतकक्षातल्या डब्यात टाका, ते सगळ्यांत सारखं वाटलं जातं. स्वयंपाकघरातल्या मावशींचाही त्यात वाटा असतो. वापरात नसलेली दुर्बीण घरी पडून असेल तर ती पैशांपेक्षाही कामाची.

तुमच्या मुलामुलीला असं काम करायचं असेल तर

जानेवारीत आम्हाला पत्र लिहायला सांगा. पत्र त्यांनी स्वतः लिहावं, आईवडिलांनी नव्हे. घराजवळच्या एखाद्या झाडावर आठवडाभर रोज काय पाहिलं, ते त्यात असावं. मार्कशीट नको. इथे पंख्याखाली झोपावं लागतं, पाणी जपून वापरावं लागतं आणि पहिले आठ दिवस गावातल्या मुलांच्या मागे फक्त ऐकत फिरावं लागतं. आमची निवड फेब्रुवारीअखेर होते आणि ज्यांना घेता येत नाही त्यांनाही आम्ही उत्तर पाठवतो.

फेरीला येताना मातकट किंवा हिरवे कपडे, बंद बूट, टोपी आणि माणशी एक लिटर पाणी आणा. आदल्या रात्री जेवताना नाव सांगून ठेवा.