गेम उद्योगातली माणसांची टंचाई : पार्श्वभूमी

अनुभवी माणसे मिळत नाहीत, ही व्हिडिओ गेम कंपन्यांची तक्रार जुनी आहे. २०२३ पासून याच उद्योगाने हजारोंना घरी पाठवले, तरी तक्रार चालूच आहे. ती समजून घ्यायची तर माणसे आणली कशी यापेक्षा टिकवली कशी, हे पाहावे लागते.

टीव्हीला जोडून खेळायच्या अटारी २६०० या यंत्राच्या काळात एक प्रोग्रॅमर अख्खा गेम एकट्याने लिहीत असे. खोक्यावर त्याचे नावही नसे. त्या नाराजीतून १९७९ मध्ये काही जण बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. नव्वदच्या दशकात थ्रीडी आले, टीम फुगल्या. आकृती घडवणारा मॉडेलर, त्या हलवणारा अॅनिमेटर, गेममधल्या चुका शोधणारा टेस्टर असे वेगळे हुद्दे पडले. हे शिकवणारे अभ्यासक्रम मोजकेच होते. बहुतेक जण गेमच्या वेडापायी आले आणि हातावर काम घेऊनच शिकले. कंपन्यांनी हे वेड गृहीत धरले.

२००४ मध्ये त्याला तडा गेला. कॅलिफोर्नियातल्या एका बड्या कंपनीच्या आर्टिस्टनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, त्याच कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूने निनावी पत्र इंटरनेटवर टाकले : आठवड्याचे सातही दिवस, सकाळी नऊ ते रात्री दहा. पाठोपाठ प्रोग्रॅमरही कोर्टात गेले.

खरी गुंतागुंत तिथल्या कायद्यात होती. ठरावीक दरापेक्षा जास्त पगार, बौद्धिक वा सर्जनशील काम आणि स्वतःच्या निर्णयाला वाव, एवढे असेल तर प्रोग्रॅमरला ओव्हरटाइम देण्याचे बंधन नव्हते. त्यामुळे प्रोग्रॅमरना दाव्यात म्हणावे लागले की आमचे काम मुळात सर्जनशील नाहीच, आम्हाला स्वतःची अक्कल चालवायची मुभा क्वचितच मिळते. भरतीच्या जाहिरातीत ज्यांना ‘क्रिएटिव्ह’ म्हणून साद घातली, त्यांनाच कोर्टात ते नाकारावे लागले! आर्टिस्टचा दावा १.५६ कोटी डॉलरवर मिटला, प्रोग्रॅमरचा २००६ मध्ये १.४९ कोटींवर. नवख्या आर्टिस्टपैकी काहींना ओव्हरटाइम लागू झाला, पण त्या बदल्यात बोनस आणि कंपनीचे शेअर घेण्याचे पर्याय गेले.

तडजोड झाली, म्हणून निकाल आलाच नाही. गेम बनवणारा सर्जनशील व्यावसायिक की तासांवर राबणारा कामगार, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. माझ्या मते टंचाईचे मूळ इथे आहे. दहा वर्षे मुरलेला माणूस जिथे कंटाळून दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीत जातो, तिथे नवे पदवीधर कितीही ओतले तरी अनुभवाची फळी भरत नाही.

उद्योगाने मात्र बोट शाळांकडे दाखवले. ब्रिटनमध्ये २०११ च्या एका अहवालाने सांगितले की गेमच्या नावाने चालणारे बरेच अभ्यासक्रम कामाचे नाहीत आणि शाळेतल्या संगणकाच्या तासाला मुले ऑफिसची सॉफ्टवेअर गिरवतात. २०१४ पासून इंग्लंडच्या शाळांत प्रोग्रॅमिंग आले. टीका रास्तच होती, फक्त ती दाराबाहेरच्यांबद्दल, म्हणजे अजून उद्योगात न आलेल्यांबद्दल होती; सोडून जाणाऱ्यांबद्दल नव्हती.

एव्हाना मोबाइल आणि कायम ऑनलाइन चालणाऱ्या गेमनी सर्व्हर इंजिनिअर आणि डेटा अॅनालिस्टची मागणी वाढवली होती. ही माणसे तर बँकांनाही हवी असतात. २०१५ मध्ये मोठी गेम इंजिने, म्हणजे गेम बनवायची तयार सॉफ्टवेअर, जवळपास फुकट झाली आणि शिकणे सोपे झाले. महामारीत खेळणारे वाढले, तशी धडाक्याने भरती झाली. मग कर्ज महागले, विक्री मंदावली, कंपन्यांची विलीनीकरणे झाली. जानेवारी २०२४ मध्ये एका गेम कंपनीच्या महाकाय खरेदीनंतर एका फटक्यात १,९०० पदे गेली.

आत शिरण्याचे जुने दार म्हणजे टेस्टिंग. तिथे कंत्राटी नेमणुका बोकाळल्या, आणि अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांत २०२२ पासून संघटना उभ्या राहिल्या त्याही आधी टेस्टरांच्याच. २०२४ मध्ये आवाज देणारे कलाकार एआयच्या प्रश्नावर संपावर गेले. कलाकाराची डिजिटल नक्कल वापरण्याआधी संमती घ्यावी लागेल, हे कलम त्यांनी २०२५ च्या करारात मिळवले. त्या कराराच्या कक्षेत प्रोग्रॅमर आणि आर्टिस्ट येत नाहीत.