हि नो तोरी (अग्निपक्षी)

हि नो तोरी : जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुका (१९२८–१९८९) यांची बहुखंडी आणि अपूर्ण राहिलेली मांगा (जपानी चित्रकथा) मालिका. शीर्षकाचा अर्थ ‘अग्निपक्षी’ असा आहे. मालिकेचा पहिला प्रयत्न १९५४ मध्ये झाला आणि आज मुख्य मालिका म्हणून ओळखली जाणारी बारा पर्वे १९६७ ते १९८८ या काळात वेगवेगळ्या मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. प्रत्येक पर्व स्वतंत्र कथा आहे. त्याचा काळ, स्थळ आणि पात्रे निराळी आहेत. सर्व पर्वांना जोडणारा धागा म्हणजे स्वतःला जाळून घेऊन पुन्हा जन्मणारा एक अमर पक्षी आणि त्याचे रक्त प्यायल्याने मृत्यू टळतो ही श्रद्धा. राजे, सेनापती, शास्त्रज्ञ आणि साधी माणसे या पक्ष्याच्या मागे धावतात, आणि ज्यांना अमरत्व खरोखर मिळते त्यांना ते शिक्षेसारखे भोगावे लागते.

पर्वे काळाच्या सरळ क्रमाने लिहिलेली नाहीत. एक पर्व प्राचीन जपानमध्ये, तर पुढचे दूरच्या भविष्यात, अशा आलटून पालटून येणाऱ्या रचनेत भूतकाळ पुढे सरकत जावा, भविष्यकाळ मागे येत जावा आणि दोन्ही टोके अखेरीस लेखकाच्या वर्तमानात येऊन मिळावीत, असा तेझुका यांचा संकल्प होता. त्यामुळे या मालिकेचा प्रकाशनेतिहास तिच्या अर्थाचाच भाग ठरतो.

आरंभीचे प्रयत्न

रशियन संगीतकार इगोर स्त्राविन्स्की यांचा ‘अग्निपक्षी’ हा बॅले पाहिल्यावर ही कल्पना सुचल्याचे तेझुका यांनी लिहून ठेवले आहे. रशियन लोककथेतील या पक्ष्याला त्यांनी पूर्व आशियातील फीनिक्सचे रूप आणि जन्म-मरणाच्या चक्राचा बौद्ध संदर्भ दिला. ‘गाकुदोशा’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘मांगा शोनेन’ मासिकात १९५४ साली त्यांची सिंहाच्या वंशाची दीर्घ कथा संपली आणि त्याच वर्षी जुलैत तेथेच अग्निपक्ष्याची पहिली कथा सुरू झाली. तिचा विषय जपानच्या पुराणकाळाचा होता. १९५५ मध्ये मासिक बंद पडले आणि कथा अर्धवट राहिली.

दुसरा प्रयत्न १९५६–५७ मध्ये कोदान्शा प्रकाशनाच्या ‘शोजो क्लब’ या मुलींच्या मासिकात झाला. तेथे कथा प्राचीन इजिप्त, ग्रीस आणि रोम येथे घडते. अमर झालेली जोडी युगानुयुगे एकमेकांना शोधत राहते, असा तिचा ढंग आहे. वाचकवर्गाला रुचेल असे गोड, शोभिवंत चित्रण तिच्यात भरपूर आहे. ही दोन्ही रूपे मुख्य मालिकेच्या कालपटात धरली जात नाहीत, परंतु पुढच्या काळातील गडद अग्निपक्षी कोणत्या साध्या मुळातून वाढला हे पाहायचे असेल तर ती वाचलीच पाहिजेत.

‘कॉम’ मासिकाचा काळ

मालिकेचा खरा प्रारंभ जानेवारी १९६७ च्या अंकापासून निघालेल्या ‘कॉम’ मासिकात झाला. १९६४ पासून ‘गारो’ मासिकाने प्रौढ, प्रयोगशील चित्रकथेला व्यासपीठ दिले होते. त्याला उत्तर म्हणून आणि व्यावसायिक मासिकांच्या दडपणापासून दूर राहून लिहिता यावे म्हणून तेझुका यांच्या ‘मुशी प्रॉडक्शन’शी संलग्न प्रकाशनसंस्थेने ‘कॉम’ काढले. ‘हि नो तोरी’ हे त्याचे मुख्य आकर्षण होते. सुमारे पाच वर्षांत तेथे ‘पहाट’, ‘भविष्य’, ‘यामातो’, ‘अंतराळ’, ‘फीनिक्स’, ‘पुनरुज्जीवन’ आणि ‘पिसांचे वस्त्र’ अशी सात पर्वे पूर्ण झाली. तेझुका त्या वेळी चाळिशीच्या आसपास होते. एकीकडे ॲनिमेशन कंपनीचा डोलारा सांभाळणे जड जात होते आणि दुसरीकडे तरुण वाचक वास्तववादी ‘गेकिगा’ शैलीकडे वळले होते. स्वतःला नव्याने सिद्ध करण्याची निकड या पानांत जाणवते, आणि मालिकेतील सर्वोत्तम लेखन याच काळातले आहे असे म्हणावे लागते.

‘अंतराळ’ पर्वात (१९६९) एका नादुरुस्त यानातील माणसे वेगवेगळ्या जीवरक्षक कुप्यांतून अवकाशात तरंगत असताना तेझुका यांनी प्रत्येकाला पानावर स्वतंत्र पट्टा दिला आहे. सर्वांचे संभाषण एकाच वेळी समांतर चालते, आणि एखाद्याचा मृत्यू झाला की त्याचा पट्टा काळा पडून तसाच पुढे जात राहतो. ‘पिसांचे वस्त्र’ (१९७१) हे छोटे पर्व नाटकाच्या रंगमंचासारखे एकाच ठरावीक कोनातून चितारलेले आहे. प्रेक्षागृहात बसून खेळ पाहावा तसे वाचक ते पाहतो. चित्रकथेच्या पानावर काळ कसा मांडता येतो, याचा इतका निर्भय शोध त्या काळी फार थोड्यांनी घेतला.

१९७१ च्या अखेरीस ‘कॉम’ बंद झाले तेव्हा ‘मायभूमीची ओढ’ हे पर्व नुकतेच सुरू झाले होते. ते तेथेच थांबले, आणि १९७३ मध्ये ‘मुशी प्रॉडक्शन’चे दिवाळे निघाले.

पुनरारंभ आणि अखेरची पर्वे

१९७६ मध्ये आसाही सोनोरामा या संस्थेने ‘मांगा शोनेन’ याच नावाचे नवे मासिक काढले. पन्नाशीच्या दशकातील मासिकाशी त्याचा संबंध नव्हता. तेथे ‘मायभूमीची ओढ’ नव्याने लिहिले गेले (१९७६–७८). त्यानंतर ‘यादवी’ (१९७८–८०) हे दीर्घ पर्व आणि ‘जीवन’ (१९८०) व ‘विरूप’ (१९८१) ही दोन लहान पर्वे आली. बारावे पर्व ‘सूर्य’ १९८६ ते १९८८ या काळात कादोकावा प्रकाशनाच्या ‘यासेइ जिदाइ’ या साहित्यविषयक मासिकात प्रसिद्ध झाले. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी जठराच्या कर्करोगाने तेझुका यांचे निधन झाले.

काल्पनिक कालपट

कालपटाचे सर्वांत जुने टोक म्हणजे ‘पहाट’ पर्व. ते तिसऱ्या शतकातील, चिनी इतिहासग्रंथांत उल्लेख असलेल्या यामाताइ राज्याच्या हिमिको राणीच्या काळात घडते. वार्धक्याला भ्यालेल्या राणीला पक्ष्याचे रक्त हवे असते, आणि तिच्या सैन्याने उद्ध्वस्त केलेल्या गावातला नागी हा मुलगा तिच्याच सेनापतीच्या, सारुताहिकोच्या, आश्रयाने वाढतो. जपानचे राजघराणे मुख्य भूमीवरून आलेल्या घोडेस्वार टोळ्यांतून उगवले, हा पुरातत्त्वज्ञ नामिओ एगामी यांचा वादग्रस्त सिद्धान्त तेझुका यांनी येथे वापरला आणि पुराणातील निनिगी या देवाला आक्रमक सरदार केले. राजवंशाच्या दैवी उगमाची कथा शाळांतून इतिहास म्हणून शिकवली जात असलेल्या जपानमध्ये ते लहानाचे मोठे झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या मांडणीतला रोष समजतो.

लगोलग आलेले ‘भविष्य’ पर्व इसवी सन ३४०४ मध्ये सुरू होते. मानवजात पाच भूमिगत नगरांत उरली आहे आणि त्यांचा कारभार संगणकांच्या हाती आहे. मासातो हा तरुण आणि कोणतेही रूप घेऊ शकणारी तामामी नावाची परग्रहीय ‘मूपी’ यांच्यावरून दोन नगरांच्या संगणकांत वाद पेटतो आणि अणुस्फोटांत सारे संपते. अग्निपक्षी मासातोला अमर करतो. निर्मनुष्य पृथ्वीवर तो अब्जावधी वर्षे काढतो, त्याचे शरीर नष्ट होते, समुद्रात जीवन पुन्हा उगवते, गोगलगायींसारख्या प्राण्यांची एक संस्कृती उभी राहून स्वतःच्याच युद्धाने नाश पावते, आणि अखेर पुन्हा माणूस येतो. शेवटची चित्रे थेट ‘पहाट’च्या आरंभाला जाऊन मिळतात. म्हणजे दुसऱ्याच पर्वात लेखकाने मालिकेचा शेवट सांगून टाकला आणि वर्तुळ बंद केले. पुढची सर्व पर्वे या वर्तुळाच्या आत घडतात. त्यांतली प्रत्येक आशा कुठे जाणार आहे हे वाचकाला आधीच ठाऊक असते.

‘यामातो’ पर्व साधारण चौथ्या शतकातले असून राजाच्या थडग्याभोवती जिवंत माणसे पुरण्याच्या प्रथेविरुद्धच्या बंडाची कथा सांगते. ‘अंतराळ’ २५७७ मध्ये घडते. ‘पुनरुज्जीवन’ २४८२ मध्ये लेओना या तरुणाच्या मृत्यूने सुरू होते. कृत्रिम मेंदू बसवून त्याला जिवंत केले जाते, पण त्याला माणसे मातीच्या ओबडधोबड ढेकळांसारखी दिसतात आणि चिहिरो ही कामगार यंत्रमानव तेवढी सुंदर दिसते. या दोघांची मने एकत्र होऊन रोबिता हा यंत्रमानव घडतो. ‘भविष्य’मध्ये डॉ. सारुता यांच्या घरी काम करणारा रोबिता वाचकांना १९६७–६८ मध्येच भेटला होता. त्याच्या वागण्यात माणसाची ऊब कोठून आली, याचा उलगडा तीन वर्षांनी, कथेतल्या काळात मात्र शतकानुशतके मागे जाऊन होतो. कालानुक्रमे पर्वे लावून वाचणाऱ्याला हा धक्का मिळत नाही. मालिका प्रकाशनाच्याच क्रमाने वाचावी, असा आग्रह धरण्याचे हे पुरेसे कारण आहे.

‘फीनिक्स’ पर्व (१९६९–७०) मालिकेचा कळस मानले जाते, आणि ते मत योग्य आहे. आठव्या शतकातील नारा येथे तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाची मूर्ती उभी राहत असतानाचा हा काळ. एक डोळा आणि एक हात गमावलेला दरोडेखोर गाओ आणि बुद्धमूर्ती घडवणारा सज्जन आकानेमारू यांची आयुष्ये येथे एकमेकांना छेदतात. प्रारंभी गाओ आकानेमारूचा हात निकामी करतो. पुढे रोबेन भिक्षूच्या सहवासात आणि दुःखाच्या भट्टीत गाओमधला शिल्पकार जागा होतो, तर राजाश्रय लाभलेला आकानेमारू मानासाठी झुरू लागतो. छपरावर बसवायच्या दैत्यमुखी कौलांच्या स्पर्धेत गाओचे काम सरस ठरते, तेव्हा आकानेमारू त्याचा जुना गुन्हा उघड करतो आणि गाओचा उरलेला हातही तोडला जातो. ज्या मूर्तीभोवती ही कथा फिरते तिचा नेत्रोन्मीलन सोहळा ७५२ मध्ये बोधिसेन या भारतातून गेलेल्या भिक्षूच्या हस्ते झाला, ही इतिहासातली गोष्ट भारतीय वाचकाला जवळची वाटेल. कर्म आणि पुनर्जन्म या कल्पना मराठी वाचकाला परक्या नाहीत, परंतु तेझुका पाप-पुण्याचा सरळ हिशेब मांडत नाहीत. खुनी माणसाच्या संतापातून श्रेष्ठ कला जन्मते, आणि सत्तेने धर्माचा उत्सव मांडला की कलावंताचा ऱ्हास होतो, हे ते सांगतात.

‘पिसांचे वस्त्र’ दहाव्या शतकातले आहे. ‘मायभूमीची ओढ’ अंतराळयुगात एदेन १७ या ओसाड ग्रहावर वंश टिकवू पाहणाऱ्या रोमी या स्त्रीची कथा सांगते, आणि ‘अंतराळ’मधला माकिमुरा तेथेही भेटतो. ‘यादवी’ बाराव्या शतकातील ताइरा आणि मिनामोतो घराण्यांच्या संघर्षात, बेन्ता हा लाकूडतोड्या आणि त्याची प्रेयसी ओबू यांच्या ताटातुटीभोवती फिरते. त्यात ताइरा घराण्याचा प्रमुख कियोमोरी याने मिळवलेला ‘अग्निपक्षी’ हा साधा मोर निघतो. ‘जीवन’ २१५५ मधील आहे. मनुष्याच्या प्रतिरूपांची (क्लोनची) शिकार प्रक्षेपित करू पाहणाऱ्या दूरचित्रवाणी निर्मात्यावरच प्रतिरूप होण्याची वेळ येते. ‘विरूप’मध्ये पंधराव्या शतकातील साकोन ही पुरुष म्हणून वाढवलेली तरुणी एका भिक्षुणीचा खून करते आणि काळाच्या फेऱ्यात अडकून अखेर तीच ती भिक्षुणी बनते.

अशा रीतीने प्रकाशनक्रमात भूतकाळ तिसऱ्या शतकापासून पंधराव्यापर्यंत चढत आला आणि भविष्य पस्तिसाव्या शतकापासून बाविसाव्यापर्यंत उतरत आले. ‘सूर्य’ने ही चाल अर्धी मोडली. त्यातला भूतकाळ पुन्हा सातव्या शतकात, ६७२ च्या जिन्शिन युद्धाकडे (राजगादीसाठीच्या यादवीकडे) जातो, तर भविष्य एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर येते. आधी स्वतंत्र पर्वांत राहणारे दोन्ही काळ येथे एकाच कथेत आलटून पालटून येतात. चेहऱ्यावर लांडग्याचे मस्तक चिकटलेला हारिमा आणि भविष्यातला सुगुरू एकमेकांची स्वप्ने पाहतात. दोन्हीकडे राज्यसत्तेने लादलेल्या धर्माविरुद्ध लढा चालतो आणि भविष्यातले विजेते लगेच नवा धर्म स्थापू लागतात.

काळांना जोडणारा आणखी एक दुवा म्हणजे सारुताचा वंश. ‘पहाट’मध्ये गांधीलमाश्यांच्या दंशांनी सारुताहिकोचे नाक विद्रूप सुजते. तेच प्रचंड नाक गाओ, ‘अंतराळ’मधला सारुता आणि ‘भविष्य’मधले डॉ. सारुता यांच्या चेहऱ्यावर दिसते. हा वारसा एका अपराधाचे फळ आहे, हे ‘अंतराळ’मध्ये कळते.

पाठभेद

प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी तेझुका पाने कापत, जोडत, संवाद बदलत. ‘पिसांचे वस्त्र’मधील किरणोत्साराचे परिणाम सांगणारे संवाद पुस्तकरूपात बदलले गेले, ‘मायभूमीची ओढ’च्या कथानकात मोठे फेरफार झाले आणि ‘सूर्य’ची मासिकातील अनेक पाने पुस्तकात आली नाहीत. त्यामुळे एकच प्रमाण पाठ सांगता येत नाही. मासिकातील मूळ पानांचे पुनर्मुद्रण पुढे स्वतंत्रपणे उपलब्ध झाले आहे.

अपूर्ण भाग आणि रूपांतरे

मालिकेचा शेवट वर्तमानातील पर्वाने करायचा आणि ‘वर्तमान’ म्हणजे स्वतःच्या मृत्यूचा क्षण समजायचा, असे तेझुका सांगत असत. ते पर्व लिहिले गेले नाही. चीन-जपान युद्धाच्या पार्श्वभूमीवरील ‘भूमी’ या पर्वाचा केवळ कथासारांश मागे राहिला. त्यावरून काझुकी साकुराबा यांनी लिहिलेली कादंबरी आधी ‘आसाही शिम्बुन’ वृत्तपत्रात क्रमशः आणि नंतर २०२१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

‘पहाट’वर कोन इचिकावा यांनी १९७८ मध्ये चित्रपट केला. १९८० चा ॲनिमेशनपट स्वतंत्र कथानकावर बेतलेला होता. १९८६ मध्ये रिन्तारो यांनी ‘फीनिक्स’ पर्व पडद्यावर आणले, २००४ मध्ये एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने तेरा भागांची मालिका दाखवली आणि २०२३ मध्ये ‘मायभूमीची ओढ’वर आधारित ॲनिमेशन प्रसिद्ध झाले.