कॅनिक्रॉस : प्रशिक्षण-सत्राची आखणी

कॅनिक्रॉस : कुत्र्याच्या अंगावरचा हार्नेस व धावकाच्या कमरेचा पट्टा सुमारे २ मी. लांबीच्या लवचिक दोरीने जोडून दोघांनी एकत्र धावण्याचा क्रीडाप्रकार. दोरी गळपट्ट्याला बांधत नाहीत. ओढ छातीवर यावी, श्वासनळीवर नव्हे.

‘कॅनिस’ (लॅटिन, कुत्रा) व ‘क्रॉसकंट्री’ यांवरून हे नाव पडले. उगमाबद्दल दोन मते आढळतात. बर्फ नसलेल्या महिन्यांत घसरगाडीची कुत्री तयारीत राहावीत म्हणून त्यांचे चालक त्यांच्यासोबत पायी धावू लागले, हे एक. स्कीजोरिंगमधून (स्की घालून कुत्र्याच्या वा घोड्याच्या ओढीने बर्फावर सरकण्याचा खेळ) स्की वगळून हा प्रकार निघाला, हे दुसरे. स्कीजोरिंग १९२८ च्या सेंट मॉरित्झ हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून झाले, पण तेथे घोडे होते. कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत १९३२ च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये झाली. हार्नेसची घडण आणि ‘जी’ (उजवीकडे), ‘हॉ’ (डावीकडे) या आज्ञा घसरगाडीवाल्यांच्याच असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. स्वतंत्र खेळ म्हणून त्याची घडण विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, मुख्यतः यूरोपात झाली.

थंड मुलखातला हा खेळ विदर्भात आणताना पहिला विचार उन्हाचा करावा लागतो. चंद्रपूर, अकोला, नागपूर येथे मे महिन्यात पारा ४५° से.च्या घरात जातो. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून निवते. हवा दमट असली की तेही साधत नाही. त्याचे तापमान एरवी ३८° ते ३९° से. असते, ४१° से.च्या वर जिवावर बेतते. दमलेले कुत्रेही धन्यामागे धावत राहते, म्हणून थांबवण्याचा अधिकार प्रशिक्षकाकडेच हवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ सर्वांत योग्य. उन्हाळ्यात सत्र ठेवूच नये.

भरतीची तयारी करणारी गावोगावची पोरे १,६०० मीटरचा सराव अंधारातच सुरू करतात. कुत्रे सोबत असताना तसे करू नये. ताडोबा परिसर, गडचिरोली, भंडारा या जंगललगतच्या भागांत बिबट्या कुत्र्याला भक्ष्य मानतो. स्वच्छ उजाडल्यावरच निघावे.

पांदण आदल्या दिवशी स्वतः चालून पाहावी. पऱ्हाटीचे (कपाशीचे) खुंट तळव्यात घुसतात, सराटे रुततात. कुसळ त्याहून वाईट : बोटांच्या बेचक्यात शिरले की मागे येत नाही, कातडीखाली पुढेच सरकते. म्हणून धाव संपताच चारही पंजे उकलून पाहावेत. फवारणी झालेल्या वावराच्या धुऱ्याने जाऊ नये. रानडुकरांसाठी रात्री तारेत वीज सोडलेली नाही ना, हे शेतमालकाला विचारावे.

कुत्रे वाढ पूर्ण झालेले, रेबीजची लस दिलेले असावे. धावण्याआधी दोन-तीन तास खायला देऊ नये. नवख्यांना १–२ किमी., चालणे व धावणे आळीपाळीने, पुरते. गावठी कुत्र्यांची टोळी आडवी आली तर धाव थांबवून चालत बाजूने काढावे.

जीभ रुंद होऊन टोकाशी पसरली, लाळ दाट झाली, मागचे पाय लडखडले, की दोरी तिथेच सोडावी. कुत्र्याला सावलीत नेऊन पोटावर, मांड्यांवर पाणी ओतावे, वारा घालावा. आधी निववावे, मग गाडीत घालून पशुवैद्याकडे न्यावे.